मयत दिसली की बाजा खाली

२३ नोव्हेंबर

कारंजा रोडवरच्या खेड्यात लग्न, बँड आमचा. वरात शाळेपाशी आली अन् समोरून मयत. बाजा खाली. नवरदेव घोड्यावर तसाच, नाचणारे पोट्टे हात सोडून बाजूले. तिरडीवरचं तोंड कोवळं होतं. फवारणीचं औषध घेतलं म्हणे. तिरडी वळणाआड गेली तशी आमच्या ढोलवाल्या पुंडलिकनं एक थाप टाकली अन् आमी परत सुरू. या सीझनले हे सारखंच होऊन राहिलं.

घरी आलो तर अब्बाचा रोजचा सवाल, "आज रुकना पड़ा?" गुडघ्यापायी ते वरातीत येत नाहीत, क्लॅरिनेट आंगणात बसून वाजवतात. पण हे इचारल्याशिवाय मले जेवू देत नाहीत.

"हो."

"पूरे रुके?"

"पूरे."

मग जेवण.

२ डिसेंबर

बँडच्या दुकानात सिनेमावाली बाई आली. मेघना नाव, डायरेक्टरची असिस्टंट, पुण्याची. खुंटीवरचे लाल कोट पाहून तिचे डोळेच मोठे झाले. "हे इतके ओरिजनल कुठून आणले?" म्हटलं, बाई, आजाच्या टायमापासून हाच कोट आहे. झिजला की तसाच दुसरा शिवून घेतो. खांद्यावरची पिवळी झालर तेवढी आता नायलॉनची.

पिक्चर इंग्रजाच्या काळातला. वऱ्हाडचा कापूस, छोटी लाइन, एक हमाल, एक गोरा सायेब. शूटिंग आमच्याच मूर्तिजापूर स्टेशनवर, शकुंतलेच्या, म्हणजे छोट्या लाइनच्या गाडीच्या, फलाटावर. सायेब बदली होऊन चालला अन् बँड त्याले सलामी देऊन राहिला, असा सीन. बँड आमचा पाहिजे.

लग्नं तशीही पातळ झाली. आता सामूहिक लग्नं, एका मांडवात ढीगभर नवरदेव अन् बाजा एकच. होकार देऊन टाकला.

५ डिसेंबर

मेकअपची ट्रायल. खुर्चीत पुंडलिक बसला, त्याच्या तोंडावर गुलाबी पावडर थापली. बास ड्रमवाला पुंडलिक, माह्या लहानपणचा दोस्त, तव्यासारखा काळा. आरसा पाहून म्हणते, "घरी गेलो तर बायको म्हणीन, कोण्या इंग्रजाले घरात घुसवलं."

डायरेक्टर म्हणे, सायबाचा बँड आहे, गोरे शिपाईच दाखवावे लागतील. आपली माणसं दाखवली तर लोकांचा गोंधळ होतो, कोण कुणाच्या बाजूनं ते कळत नाही.

माहं डोकं फिरलं. म्हटलं, सायेबाचा बँड काळाच होता, माहा आजा होता त्यात. अन् सांगून टाकला किस्सा. आख्ख्या गावाले पाठ असलेला. दादामियां, म्हणजे तोच आजा, अब्बाचे वालिद, कापसाच्या विलायती कंपनीच्या बँडमधे होते. सायेबाच्या निरोपाले याच स्टेशनवर वाजवून राहिले होते. त्यातच गाडीखाली सापडलेल्या किसन हमालाची मयत रूळ ओलांडून निघाली. दादामियांनी सायेबासमोर क्लॅरिनेट खाली केली. नोकरी गेली. तसाच लाल कोट शिवून त्यायनं सोताचा बँड काढला. तवापासून आमचा नेम, मयत दिसली की बाजा खाली.

डायरेक्टर माह्या खांद्यावर हात ठेवून म्हणते, "मास्तर, हाच माझा सीन."

पावडर पुसली. पुंडलिक पुन्हा पुंडलिक झाला.

संध्याकाळी अब्बाले सांगतलं, दादामियां पिक्चरमधे येऊन राहिले. अब्बा बशीतला चहा पीत होते, बशी खाली ठेवली. "कौन सा किस्सा बताया?" म्हटलं, तोच. थांबल्याचा. नुसतं "हूँ" केलं.

हा किस्सा मी कोणाकडून ऐकला, आता आठवून राहिलो. पुंडलिकच्या बापाकडून. गिऱ्हाइकांकडून. अब्बाच्या तोंडून कधी नाही. त्यायनं किस्स्याले कधी 'हो' म्हटलं नाही, 'नाही' बी म्हटलं नाही.

९ डिसेंबर

मेघना घरी आली. डायरेक्टरच्या मनात, दादामियांचं काम अब्बानंच करावं. मले वाटलं खेटरानं हाणतील. तर अब्बा म्हणे, "करूँगा." लगेच. माह्या बायकोले, शबानाले, कोट पेटीतून काढायले लावला. ती बिचारी उन्हात टाकून टाकून डांबरगोळ्यांचा वास घालवून राहिली.

मेघनाकडून अब्बानं सगळी कहाणी ऐकून घेतली. पिक्चरमधे सायेबाच्या हातात चाबूक आहे, बाजारात गाडीवानाले फोडते. अब्बा म्हणे, "बेटी, साहब बाज़ार में आता ही नहीं था. चाबुक की क्या ज़रूरत, हम थे ना." म्हणजे दलाल आपले, वजन करणारे आपले, वाजवणारे आपले. मेघना वहीत लिहून घेत होती. नंतर मले हळूच म्हणते, "हे फार छान आहे, पण पडद्यावर कसं दाखवायचं?"



१८ डिसेंबर

शूटिंग. 

डिझेल इंजिनाले फळ्या ठोकून वाफेचं केलं होतं, धूर मशीनचा. सायेब गोव्याहून आणलेला गोरा पोरगा, उन्हानं टमाटरासारखा झालता. तिरडीवर अमरावतीच्या नाटकातला माणूस, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. डायरेक्टरनं समजावलं, तिरडी रुळावर येते, बँड वाजतच राहते, अन् फक्त म्हातारा थांबते.

सुरू झालं. जुना विलायती मार्च, दादामियांपासून कानानं आलेला. तोच आजही आमी मांडवाच्या दारात नवरदेव उतरताना वाजवतो. तिरडी आली अन् आमचे सगळ्यायचे हात खाली. कोणी ठरवलं नाही. एकटे अब्बा वाजवून राहिले.

डायरेक्टर ओरडला, उलटं झालं. परत. परत तसंच. पुंडलिक म्हणे, "हात आपोआप थांबते जी. मयत खोटी असली म्हणून काय झालं." हसले सारे. तिरडीवरच्यानंही खर्रा थुकून घेतला.

मग डायरेक्टर अब्बाजवळ बसला. बाबा, तुम्ही थांबायचं, यांनी नाही. अब्बानं मान हलवली. परत सुरू. तिरडी आली, आमी कसेबसे वाजवत राहिलो, दोघा-तिघांचे हात तरी पडलेच. अब्बा मार्च वाजवून राहिले. अख्खा. शेवटच्या सुरापर्यंत, तिरडीकडं पाहत पाहत. तोंडात दातांची कवळी बसवलेली, तरी सूर हलला नाही. स्टेशनवरच्या बकऱ्या तेवढ्या ओरडून राहिल्या होत्या.

"बाबा, तुम्ही थांबायचं होतं."

अब्बा म्हणे, "मेरे वालिद नहीं रुके थे."

"काय?"

"मैं उन्हीं का काम कर रहा हूँ ना? तो ठीक कर रहा हूँ."

जेवणाची सुट्टी दिली. मले कोणाकडं पाहू समजेना. पुंडलिक पत्रावळ घेऊन आला, बाजूले बसला अन् त्यातली अर्धी भाकर माह्याकडं सरकवली.

१९ डिसेंबर

सकाळी आंगणात उन्हाले अब्बा. मी भांडायलेच बसलो. म्हटलं, आख्ख्या गावासमोर बापाचं नाव घालवलं. सत्तर पार झाल्यावर हे सुचलं?

त्यायनं ऐकून घेतलं. मग सांगतलं. अम्मी म्हणजे माही दादी पोटुशी होती, पोटात अब्बाच होते. किसनची मयत निघाली तवा दादामियांनी पाहिली. पाहून वाजवत राहिले. कोणी बंदूक धरली नव्हती, कोणी वाजव म्हटलं नव्हतं. सायेबाचं तर तिकडं ध्यानही नव्हतं. मार्च संपला तवा सायेबानं डब्याच्या दारातून टाळ्या वाजवल्या. बस. गाडी गेली.

किसनची माय आमच्याच मागच्या गल्लीत राहायची. ती दादामियांले कधी काही बोल्ली नाही. पाणी भराले आली की खाली पाहून जायची. पुढं त्यायनं नोकरी सोडली, बँड काढला अन् नेम केला. मरताना अब्बाले म्हणे, मी थांबलो नव्हतो, तुमी थांबत जा.

"लोगों ने किस्सा बना लिया. अच्छा था, तो मैं चुप रहा. अब पिक्चर में आने लगा तो..."

मले अब्बाचा राग आला होता तो गेला नाही. पण दादामियांची माया आली, जी पहिले कधी आली नव्हती. पहिले ते भिंतीवरच्या फोटोसारखे होते.

२० डिसेंबर

डायरेक्टरले जाऊन खरं सांगतलं. म्हटलं, सीन काढून टाका. तो चिडला नाही, तेच वाईट. म्हणते, "मास्तर, तुमच्या आजोबांनी थांबायला हवं होतं की नाही?"

"हवं होतं."

"मग पिक्चरमध्ये तरी थांबू द्या ना त्यांना. दुसरं कुठं थांबणार ते आता?"

मी मान हलवली. खरं लिहायचं तर नाही म्हणायचंच नव्हतं. दादामियां थांबलेलेच बरे दिसत होते.

अब्बाच्या जागी पुण्याचा नट उभा केला. क्लॅरिनेट अशी धरली जशी भाकर थापाले बसला. आमचे शॉट तिरडी न आणताच घेतले, समोर रिकामी खुर्ची ठेवून. खुर्चीसमोर आमी झकास वाजवलं. साउंडवाल्या पोट्ट्याले अब्बाचा मार्च लई आवडला, त्यानं घरी येऊन अख्खा रेकॉर्ड करून नेला. अब्बानं त्याले दोनदा वाजवून दाखवला, वर चहा पाजला.

६ फेब्रुवारी

दिल्लीहून कोणी मोठे सायेब पाहणीले येऊन राहिले, ज्या घरी पोरानं औषध घेतलं त्या घरायले भेट द्याले. गावच्या पुढाऱ्याचा माणूस दुकानात, वेशीवर स्वागताले बँड पाहिजे. पुंडलिक म्हणे, "ज्या गावात सुतक, तिथं बाजा कसा न्यावा जी?" तो माणूस म्हणे, तुमचा बँड काय लई शहाणा आहे काय. आमी गेलो नाही. दुसऱ्या गावचा गेला.

अब्बाले सांगतलं. त्या दिवशी त्यायनं मले सोताच्या हातानं पान लावून दिलं.

१४ जुलै

पिक्चर लागला. अकोल्याले टॉकीजमधे, मॅटिनीले. बँडचे सारे टेम्पोत, अब्बा पुढं ड्रायव्हरजवळ.

गोव्याचा सायेब चाबूक काढते, पब्लिक शिव्या घालते. चाबूक चारदा तरी काढला. मग आपलं स्टेशन. आपले कोट. पुंडलिकचं तोंड पडद्याएवढं, मागून कोणीतरी शिट्टी मारली. तिरडी आली. नटानं क्लॅरिनेट खाली केली, सायेबाच्या डोळ्याले डोळा दिला. टॉकीज टाळ्यायनं दणाणलं. माहेही डोळे भरले, खोटं काहून लिहू.

अन् तवाच ध्यानात आलं. नट थांबला, क्लॅरिनेट त्याच्या मांडीपाशी लोंबून राहिली, पण मार्च चालूच. साउंडवाल्यानं तो मागून लावून ठेवला होता, तिरडी दिसेनाशी होईस्तोवर. अब्बाचा सूर. डोळ्याले दादामियां थांबलेले, कानाले नाही.

अब्बानं माह्या मांडीवर हात ठेवला. "सुना?"

दुसऱ्या कोणाच्याच ध्यानात आलं नाही. पुंडलिकच्याही नाही, मी इचारून पाह्यलं. येताना अब्बा खुश होते. टेम्पो थांबवून भजे खाल्ले, कवळी काढून.

२ ऑगस्ट

लोकं दुकानात येऊन अब्बाचा हात हातात घेऊन राहिले. बुकिंग आतापासून येऊन राहिलं, बाळापूरहून, दर्यापूरहून. लग्नाले तोच बँड पाहिजे, पिक्चरमधला. मी पेंटरकडून पाटी रंगवून घेतली, नावाखाली लाल अक्षरात, "साहेबापुढे बाजा खाली ठेवणारा". शबाना म्हणे, "अब्बाले इचारलं?" म्हटलं, इचारायचं काय त्यात.

अब्बा आजकाल दुकानात बसत नाहीत. समोरच्या सायकलवाल्याकडं बसतात, पाटीकडं पाठ करून.

१५ ऑगस्ट

शाळेत झेंडावंदनाले अब्बाचा सत्कार. शाल, नारळ, हार. मले रात्रभर झोप नव्हती, कारण अब्बा काल म्हणाले होते, माईक दिला तर सांगून टाकतो. दोनदा वाटलं, ताप आल्याचं सांगून घरीच ठेवावं. नाही ठेवलं. पण पाटी, बुकिंग, सगळं डोळ्यासमोर येऊन राहिलं होतं.

माईक दिला. अब्बा मराठीत बोल्ले, मुद्दाम, पोरायले समजावं म्हणून. "माहा बाप थांबला नव्हता. तो वाजवतच राहिला होता. पिक्चरमधे दाखवलं ते खोटं आहे. त्याले जनमभर त्याचं वाईट वाटलं. म्हणून आमी थांबतो." एवढंच. स्पष्ट. खोकलाही आला नाही.

हेडमास्तरनं माईक घेतला. म्हणते, "पाहा मुलांनो, केवढा हा विनय! इतकं मोठं काम, पण श्रेय घ्यायला तयार नाहीत." टाळ्या. पाहुण्यायनं उठून मिठी मारली. अब्बा माईककडं परत हात करून राहिले, तवर राष्ट्रगीत सुरू झालं.

मले सुटल्यासारखं वाटलं. मग त्याचीच लाज वाटली.

घरी अब्बानं शाल शबानाकडं दिली, "इसको अंदर रख दे, निकालना मत."

२७ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न झालं, सीझन सुरू. पहिलंच लग्न बार्शीटाकळीकडं. पोरीच्या बापानं साऱ्या सोयऱ्यायले सांगून ठेवलं होतं, पिक्चरमधला बँड आहे म्हणून.

वरात पाराजवळ आली अन् समोरून मयत. शेतातून सरळ दवाखान्यात नेलेली अन् तिथून घरी आणलेली, मागं ट्रॅक्टर. आमी हात खाली केले, नेहमीसारखे. तर वरातीतून टाळ्या. पहिले एक-दोन, मग साऱ्यायच्याच. पोट्ट्यायनं मोबाइल वर करून फोटो काढले. "हेच ते, हेच ते." एक जण म्हणे, मास्तर, इकडं पाहा.

तिरडीमागून एक म्हातारी चालून राहिली होती, दोन बायायनं धरलेली. टाळ्या ऐकून ती थांबली. वरातीकडं पाह्यलं, मग आमच्याकडं. खाली पाहून गेली.

पुंडलिक मांडवात जेवला नाही. म्हणते, "आता काय करावं बे? वाजवलं तर पाप, थांबलं तर तमाशा."

घरी अब्बा. "आज रुकना पड़ा?"

म्हटलं, हो. अन् टाळ्यायचं सांगतलं. म्हातारीचंही.

"पूरे रुके?" आज इचारलं नाही. क्लॅरिनेट पुसत बसले. पुसता पुसता म्हणाले, "ताली तो साहब ने भी बजाई थी."

२८ नोव्हेंबर

सकाळी पाटी उतरवली. पेंटरनं इचारलं, आता काय लिहू. नुसतं नाव लिही, म्हटलं. त्यानं काय फरक पडते ते मलेही माहीत नाही, पिक्चर तर लोकायनं पाहून घेतला.

उद्या दर्यापूरले लग्न. वरातीचा रस्ता सरकारी दवाखान्यासमोरून आहे. पुंडलिक दोनदा येऊन गेला, मयत दिसली तर काय करायचं ठरलं म्हणून. अब्बाले इचारलं तर म्हणे, मले काय इचारता, मी घरीच बसतो. तरी कोट मागून राहिले. गुडघ्याले तेल लावून घेतलं शबानाकडून. म्हणे, टेम्पोत पुढची जागा ठेवा.